पी की एस?

नवीन फ्लॅटचं बाथरूम करून घेताना प्लंबर एक प्रश्न हमखास विचारतो: "साहेब, पी ट्रॅप की एस ट्रॅप?" उत्तर तसं सोपं आहे. मैल्याचा पाइप भिंतीतून बाहेर जात असेल तर पी, खाली जमिनीत जात असेल तर एस. खरी गंमत आहे ती त्या वळणात. प्रत्येक फ्लशनंतर तिथे साधारण दोन इंच पाणी अडून राहतं आणि गटारातला वास वर येत नाही. बास, एवढंच. पण हे सुचलं नसतं तर संडास घरात घ्यायची हिंमत कुणी केली नसती.

सुचलं कुणाला, तर एका घड्याळजीला! अलेक्झांडर कमिंग, मूळचा स्कॉटलंडचा, धंदा लंडनमध्ये. १७७५ साली त्याने या वळणाच्या संडासाचं पेटंट घेतलं. फ्लश त्याआधीही होता. एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन याने १५९६ मध्येच त्यावर पुस्तक लिहिलं होतं, पण त्याच्या यंत्रात हे वळण नव्हतं.

पुढे जे झालं ते आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना ओळखीचं वाटेल. फ्रंट एंड झकास, बॅक एंडचा पत्ता नाही! लंडनची गटारं मुळात पावसाच्या पाण्यासाठी होती, १८१५ पर्यंत त्यांत मैला सोडायला बंदीच होती. घरोघरी खड्डे असत. फ्लश वाढले तसे खड्डे भरून वाहायला लागले, मग ते गटारांना जोडले, आणि गटारं थेट थेम्स नदीत. बरेच लोक पाणीही त्याच नदीचं पीत होते. १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नोने कॉलऱ्याचा माग ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपापर्यंत काढला, पण त्याचं म्हणणं फारसं कुणाला पटलं नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात मात्र नदीचा वास थेट पार्लमेंटमध्ये शिरला. पडदे औषधात भिजवून लावले, तरी खासदार हैराण. मग त्याच ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि जोसेफ बाझलजेटने मोठी गटारं बांधायला घेतली. साहेबांच्या नाकापर्यंत गोष्ट गेली की बजेट सापडतं, हे तेव्हापासूनचं.

आणि आपल्याकडे? मुंबईत टोपलीचे संडास होते. दोन इमारतींच्या मधे एक चिंचोळी बोळ सोडायची, तिथून माणसाने येऊन टोपली रिकामी करून न्यायची. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतींमधल्या 'घरगल्ल्या' या त्याच. घरमालकाला समोरच्या दारात तो माणूस दिसायलाही नको होता, म्हणून ही वेगळी वाट. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात यासाठी चक्क 'हलालखोर कर' होता. हलालखोर म्हणजे कष्टाचं खाणारा. शब्द केवढा मानाचा, आणि काम मात्र ठरावीक जातींच्याच माथी.

असो. टोपलीच्या संडासांवर बंदीचा केंद्राचा कायदा आला १९९३ मध्ये, म्हणजे कमिंगच्या पेटंटनंतर २१८ वर्षांनी. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायलाही बंदी केली. तरी टाकीत गुदमरून गेलेल्या कामगारांच्या बातम्या येतातच. त्यांना मारणारा वायू आपल्या बाथरूमपर्यंत पोचत नाही, मधे ते दोन इंच पाणी असतं.