नात्यातला घोडा आणि त्याची झूल

मी नात्यात राहतो. हे वाक्य कानाला फार प्रेमळ लागतं. पुण्याच्या आतेभावाला फोनवर हेच सांगितलं, तर तो म्हणाला, "कोणाच्या?" त्याला समजावून सांगावं लागलं, की बाबा रे, नाते हे गावाचं नाव आहे. महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत लागतं. इतिहास आमच्या गावावरून सकाळी गडावर जातो आणि संध्याकाळी परत येतो. येताना चहाला थांबतो, एवढाच आमचा त्याच्याशी व्यवहार. सहा जूनच्या आसपास मात्र तो इतक्या गर्दीने जातो की आम्हाला आमचाच रस्ता ओलांडता येत नाही.

शाळेत आम्ही हा इतिहास शिकलो तो सगळा घोड्याच्या पाठीवरून. अमक्याने घोडा फेकला, तमक्याने टाच मारली, घोडदळ वाऱ्यासारखं निघालं. हा घोडा रात्री कुठे बांधला, काय जेवला, त्याला थंडी वाजली की नाही, हे मात्र कुणी एका मार्कालाही विचारलं नाही. पुढे मी कॉमर्सला गेलो. तिथे घोडा नव्हताच, नुसती खोगीरभरती होती. त्यामुळे घोड्याविषयीचं माझं ज्ञान म्हणींपुरतं राहिलं. घोडं कुठे पेंड खातं, वरातीमागून घोडं केव्हा येतं आणि घोडामैदान किती जवळ असतं, एवढं मला माहीत होतं.

घोडा माझ्या आयुष्यात आला तो कर्जाच्या अर्जावरून. वरातीला घोडा देण्याचा धंदा करणारे एक काका आमच्या शाखेत आले. जुना घोडा म्हातारा झाला होता, नवा घ्यायचा होता. आमच्या फॉर्मवर गाय होती, म्हैस होती, शेळी होती, कोंबड्यासुद्धा होत्या. घोडा नव्हता. ज्या प्राण्याने हिंदवी स्वराज्य पाठीवर वाहिलं, त्याला मी स्वहस्ते "इतर" या रकान्यात उभा केला.

सोबत खर्चाचा अंदाज होता. घोडा, एक. लगाम, खोगीर, रिकिबी. वरातीची झूल, जरीची, एक. आणि खाली, हिवाळी झूल, जाड, दोन. घोडा सारंगखेड्याहून आणायचा होता. मार्गशीर्षात, दत्तजयंतीला, तिथे तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मॅनेजरसाहेबांनी "हिवाळी" या शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि मला म्हणाले, "ही बाब उत्पादक आहे का, जरा पाहून सांगा."

बँकेत "पाहून सांगा" याचा अर्थ "विसरून जा" असा असतो. पण मला इतिहासाची खोड आहे. मी पाहायला लागलो.

आधी सभासदाची बखर काढली. कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीला लिहिली. त्यात पागेची व्यवस्था अशी दिली आहे की आमच्या हेड ऑफिसने गुडघे टेकावेत. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी नि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि पाय, या दोन गोष्टींसाठी स्वतंत्र माणूस. या हिशेबात झुलेसाठी कोणी नेमलेला नाही. पंचवीस घोड्यांमागे एक झूलदार अशी जागा असती, तर ती भरायला आमच्यात काही मंडळी तेव्हापासून रांगेत उभी राहिली असती.

पण खरी गंमत पुढे आहे. मराठ्यांचा घोडा हिवाळ्यात तबेल्यात नसायचाच! लष्कराने पावसाळ्यात छावणीला आपल्या मुलखात यावं, दसरा झाला की कूच करावं, अशी रीत. आठ महिने घोडा परमुलखात, चार महिने घरी. हिवाळा म्हणजे त्याचा ऐन कामाचा हंगाम. आमच्याकडे मार्चअखेरीला जी धावपळ असते, ती त्याला दसऱ्यापासून असे. म्हणून पागेची सारी तयारी दिसते ती पावसाळ्याची. दाणा साठवलेला, औषध तयार आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेली छपरं. माणसांचीही छपरं गवताचीच. घोडा आणि स्वार यांचा घरभाडेभत्ता एकच होता म्हणायचा.

ही काळजी किती बारीक होती, याला महाराजांचं एक पत्र साक्षीला आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराचं, म्हणजे १६७४ च्या आगेमागे. चिपळूणजवळ हलवर्ण इथे घोडदळाची छावणी होती, तिथल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. शत्रूचं त्यात फारसं काही नाही. आहे ते गवताचं आणि दाण्याचं. दाणा आत्ताच मन मानेल तसा उधळलात, तर भर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडून दाणा, गवत, भाजी ओढायला जाल, आणि ते म्हणतील यापेक्षा मोगल बरे. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, तंबाखू ओढू नका. रात्री दिवा विझवून निजा, नाहीतर एखादा उंदीर पेटती वात घेऊन जाईल आणि गवताला आग लागेल.

राज्याभिषेकाच्या गडबडीच्या दिवसांतला हा राजा चिपळूणच्या एका उंदराचा विचार करतो आहे! आमच्याकडे साधं ऑडिट जवळ आलं तरी साहेबांना स्वतःचा चष्मा कपाळावर आहे हे आठवत नाही.

एवढ्या बारकाईच्या पत्रात पांघरुणाचा घोर नाही. का नसावा, हे मी महाडच्या गुरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, घोडा स्वतःच एक शेगडी आहे." त्याने खाल्लेलं गवत पोटात, मोठ्या आतड्यात आंबतं आणि त्यातून ऊब तयार होते. दाण्यापेक्षा सुक्या चाऱ्याने ती जास्त होते. थंडीच्या दिवसांत केस दाट होतात, थंडी पडली की उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते, ती राखते अंग गरम. धडधाकट घोड्याला पाच अंशांपर्यंत काही वाटत नाही. आपण माणसं स्वेटर चढवतो म्हणून त्यालाही चढवायला जातो. जड झुलेने ते उभे केस उलट चेपले जातात. मात्र घोडा भिजला आणि वर वारा लागला, की तो खरा गारठतो.

नात्यात पारा पाचावर उतरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तो उतरला तर आधी आमचा कॅशियर रजेवर जाईल. पण पाऊस? तो शंभर इंचांच्या खाली राहायला तयार नसतो. म्हणजे थंडीत मोकळा आणि पावसात छपराखाली, ही जुनी रीत वैद्यकालाही धरून होती. डॉक्टरांनी अपवादही सांगितले. म्हातारा, आजारी, हाडं दिसणारा घोडा आणि केस भादरलेला शर्यतीचा घोडा, यांना पांघरूण हवं.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, वरात रात्री बारापर्यंत नाचते. घोडा उभाच, वर नवरदेव, समोर बँड. घामानं भिजतो तो. तिथनं मी त्याला उघड्यावरनं घरी आणतो. वारा असतो नदीचा. जनावराला बोलता येत नाय ना."

"मग काय करता?"

"गवताच्या बोळ्यानं चोळतो कोरडा होईस्तो. मग गोणपाट टाकतो. अंग सुकलं की काढतो."

"आणि दुसरी झूल कशाला?"

"ती म्हाताऱ्याला."

जुना घोडा विकलेला नव्हता. दात झिजले होते, चारा नीट चावता येत नव्हता, बरगड्या मोजता येत होत्या. धंद्याच्या दृष्टीने ती बाब सर्वस्वी अनुत्पादक होती. मी अहवालात दोन्ही झुली "आवश्यक" लिहिल्या आणि जरीच्या झुलेला कात्री सुचवली. मॅनेजरसाहेबांनी जरीची ठेवली. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक तिला बघून येतं. बँकेच्या दृष्टीने तेही खरंच.

पण त्या दिवसापासून पानिपतचं पान मला वेगळं दिसायला लागलं. १७६० च्या नोव्हेंबरापासून भाऊसाहेबांची फौज तिथे खंदकाआड अडकून पडली होती. उत्तरेची हाडं फोडणारी थंडी आणि दक्षिणेतून गेलेली घोडी. कुणालाही वाटावं की थंडीनेच ती गारठून गेली. पण डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदेची वाट आवळत गेली. दाणा संपला, मग वैरण संपली. शेगडीतला जाळच विझला, तिथे झूल काय करणार? घोडी उपासाने पडत गेली. १४ जानेवारी १७६१ ला फौज लढायला बाहेर पडली ती उपाशी पोटी. शाळेत आम्हाला विश्वासराव शिकवले, भाऊ शिकवले. वैरण कुणी शिकवली नाही. चिपळूणच्या पत्रात ती आधीच शिकवून ठेवलेली होती, सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षं अगोदर.

मराठीत झूल हा शब्द आता घोड्यापेक्षा माणसालाच जास्त लागतो. कुणाच्या अंगावर विद्वत्तेची झूल असते, कुणाच्या अधिकाराची. तीही बहुधा जरीची असते आणि बघणाऱ्यासाठी असते. आमच्या बँकेत कुणाला बढती मिळाली की हार घालतात, पेढे वाटतात, खुर्चीवर नवं टॉवेल टाकतात. मी आपला बाजूला उभा राहून एवढंच बघतो, की याच्या तोबऱ्यात काय पडतंय आणि पावसाळ्यात याच्या डोक्यावर छप्पर आहे का.