गव्हाणी देवळांतून घरीं कशी आली

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाचा पाया कोणत्या सालीं घातला, घंटा कोठून आणिली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, याचा वृत्तांत देण्याची चाल आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु धर्मग्रामाच्या इतिहासाचा एक भाग असा असतो कीं, त्याची नोंद कोणत्याही वहींत सांपडत नाहीं. नाताळच्या आधीं आठ-दहा दिवस ओसरीवर किंवा माजघरांत आजीआजोबा व नातवंडें मिळून जी गव्हाणी रचतात, ती या भागांत मोडते.

गेल्या नाताळांत प्रस्तुत लेखकानें, आतां गुडघे वांकत नाहींत ही सबब पुढें करून, बाजारांतून एक तयार गव्हाणी विकत आणिली. मूर्ति रेखीव होत्या, गोठा प्लास्टिकचा होता, दिवे आपोआप लुकलुकत होते. सहा वर्षांच्या नातीनें ती क्षणभर पाहिली आणि विचारिलें, “आजोबा, यांत मी काय करूं?” त्या प्रश्नास उत्तर नव्हतें. तें शोधण्यासाठीं गव्हाणीचा इतिहास चाळला, आणि त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

संत लूकच्या शुभवर्तमानांत, दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनांत, गव्हाणीचा उल्लेख येतो तो अगदीं थोडक्यांत. मातेनें बाळास बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणींत निजविलें, कारण उतारशाळेंत जागा नव्हती, एवढेंच तेथें सांगितलें आहे. बैल व गाढव यांचें तेथें नांवही नाहीं. तीं जनावरें यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायांतून आलीं. मुकीं जनावरें आपला धनी ओळखतात, पण माणसें ओळखीत नाहींत, अशी खंत तेथें व्यक्त झाली आहे. चौथ्या शतकांतील ख्रिस्ती शवपेटिकांवरील कोरीव कामांत बाळाजवळ हीं दोन जनावरें दिसूं लागतात. म्हणजे गव्हाणी प्रथम दगडांत आणि चित्रांत होती; ती हातांत यावयास आणखी पुष्कळ शतकें जावीं लागलीं.

हा बदल १२२३ सालच्या नाताळांत झाला. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबर रोजीं पोप तिसरे होनोरियस यांनीं असिसीच्या संत फ्रान्सिसाच्या संघाचे नियम मान्य केले होते. इटलींतील रिएतीच्या खोऱ्यांत ग्रेच्चो नांवाचें एक डोंगरी गांव आहे. नाताळला पंधरा दिवस असतांना फ्रान्सिसांनीं त्या गांवच्या ज्योव्हान्नी नांवाच्या भाविक गृहस्थास सांगून गवत, गव्हाणी, एक बैल व एक गाढव यांची तयारी करविली. बेथलेहेमच्या बाळाचे हाल आपल्या डोळ्यांनीं पाहावेत, एवढाच त्यांचा हेतु होता. फ्रान्सिसांचे चरित्रकार तोम्मासो द चेलानो यांनीं, संत १२२६ सालीं निवर्तल्यावर थोड्याच वर्षांत, हा प्रसंग लिहून ठेविला. आसपासचे स्त्रीपुरुष मशाली व मेणबत्त्या घेऊन आले, रानांत गीतें दुमदुमलीं, गव्हाणीवर मिस्सा झाली, आणि डीकन असलेल्या फ्रान्सिसांनीं स्वतः शुभवर्तमान गाइलें. तें गवत लोकांनीं जपून ठेविलें व आजारी गुरांना घातलें. त्या रात्रीं तेथें मूर्तींची आरास नव्हती. जो आला त्यानें कांहींतरी आणिलें: कोणी उजेड, कोणी आवाज, कोणी गवत. नुसता पाहणारा असा कोणी नव्हताच.

पुढें गव्हाणीला वैभव आलें. तेराव्या शतकाच्या अखेरीस अर्नोल्फो दि काम्बियो या शिल्पकारानें रोमच्या सांता मारिया माज्जोरे या महामंदिरासाठीं जन्मप्रसंगाच्या संगमरवरी मूर्ति घडविल्या. अठराव्या शतकांत नेपल्स शहरीं तर या कलेची शिकस्त झाली. भाजक्या मातीचीं मस्तकें, तार व ताग यांचीं शरीरें आणि वर रेशमी वस्त्रें अशा मूर्तींनीं राजवाडे भरूं लागले. तें सर्व सुंदर होतें यांत शंका नाहीं. परंतु गरिबाच्या घरीं तें पोंचणें शक्य नव्हतें. तें पोंचलें तें एका संकटामुळें.

१७८२ सालीं ऑस्ट्रियाचे सम्राट दुसरे जोसेफ यांनीं देवळांत गव्हाणी मांडण्यास मनाई केली. साध्यासुध्या लोकांची ही भक्ति त्यांना बालिश वाटे. टिरोलच्या डोंगराळ प्रदेशांतील शेतकऱ्यांनीं यावर दंगा केला नाहीं. त्यांनीं गव्हाणी आपल्या घरीं आणिली, हिवाळ्यांतल्या लांब रात्रीं लांकूड कोरून नव्या मूर्ति केल्या, आणि नाताळांत एकमेकांच्या घरीं जाऊन गव्हाण्या पाहण्याची रीत पाडली. ती रीत तेथें अजून चालू आहे.

फ्रान्स देशांतील हकीकत याहून कठीण आहे. राज्यक्रांतीच्या ऐन भरांत, १७९३ च्या सुमारास, देवळें बंद झालीं आणि मध्यरात्रीची मिस्साही बंद पडली. त्या काळीं मार्सेल शहरांत झां-लुई लान्येल (१७६४-१८२२) या मूर्तिकारानें प्लास्टरच्या सांच्यांतून मातीच्या बोटभर मूर्ति काढण्यास आरंभ केला. मूर्ति स्वस्त पडत, आणि घरांतल्या कोनाड्यांत सहज मावत. प्रोव्हान्स प्रांताच्या बोलींत त्यांना ‘सांतों’ म्हणतात, म्हणजे लहानगे संत. परंतु त्यांत संतांबरोबर गिरणीवाला, पाववाला, मासे विकणारी बाई, कोंकरूं खांद्यावर घेतलेला धनगर, असे गांवचे नेहमींचे लोकही असत. १८०३ सालीं मार्सेल येथें या मूर्तींची पहिली जत्रा भरली. अशा रीतीनें, वेदी बंद असतां बाळ येशूला कोनाड्यांत जागा मिळाली, आणि त्याच्या दर्शनाला अख्खा गांव आला.

पोलंडमधील क्राकोव्ह शहराची कथाही याच जातीची आहे. हिवाळ्यांत बांधकाम बंद पडलें म्हणजे तेथील गवंडी पुठ्ठा, लांकूड व रंगीत चांदी-कागद यांची उंच, मनोरेवाली गव्हाणी रचीत व ती घेऊन दारोदार फिरत. १९३७ सालापासून त्यांच्या स्पर्धा भरूं लागल्या. महायुद्धांत त्या थांबल्या, व १९४५ सालीं पुन्हां सुरू झाल्या. २०१८ सालीं युनेस्कोनें या कलेला मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. ज्यांनीं ती निर्माण केली त्यांना मात्र हिवाळ्यांत चूल पेटती ठेवावयाची होती.

या सर्व वृत्तांतांतून एकच गोष्ट निघते. राजाज्ञेनें गव्हाणी देवळांतून बाहेर गेली, पण नाहींशी झाली नाहीं. कारण ती करण्याचें ज्ञान लोकांच्या बोटांत होतें. तेंच जर बोटांतून गेलें, तर ती नाहींशी होण्यास कोणा सम्राटाच्या हुकुमाची गरज राहणार नाहीं. बाजार पुरेसा आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं १ डिसेंबर २०१९ रोजीं ग्रेच्चो येथेंच सही करून गव्हाणीविषयीं एक पत्र प्रसिद्ध केलें. ही चाल आईबाप व आजीआजोबा यांच्याकडून मुलांकडे येते, याची आठवण त्यांनीं त्यांत मुद्दाम दिली आहे.

आपल्या उत्तर कोंकणांतही संत फ्रान्सिसाचे संघबंधु सोळाव्या शतकांत आले होते. वसईच्या किल्ल्यांतील त्यांच्या देवळाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. तेव्हां ग्रेच्चो आपल्याला अगदींच परकें नाहीं. आतां नातीच्या प्रश्नाच्या उत्तराकडे वळूं.

पहिलें काम शेताचें. मूठभर नाचणी रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यांत बांधून मोड आणावे, आणि १२ डिसेंबरच्या सुमारास पसरट थाळ्यांत माती घालून पेरावी. रोज पाणी शिंपडण्याचें काम मुलाकडे द्यावें. नाताळपर्यंत गोठ्याभोंवतीं हिरवें शेत उभें राहतें. प्रोव्हान्समध्यें लोक ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या सणीं, तीन बशांत गहूं पेरतात. इतक्या दूरच्या दोन किनाऱ्यांवर एकाच सणाला पेरणी होते, हें नातवंडांना अवश्य सांगावें.

दुसरें काम डोंगराचें. जुनीं वर्तमानपत्रें चुरगाळून कणकेच्या खळींत भिजवावीं, पाटावर हवा तसा उंचसखल आकार द्यावा, दोन दिवस वाळवून वर काव फांसावी. गोठ्यावर भाताचा पेंढा शाकारावा. मूर्तींसाठीं चिकण माती चांगली मळून सावलींत वाळवावी. उन्हांत तिला भेगा पडतात. पवित्र मरिया, संत योसेफ व बाळ झाल्यावर लान्येलप्रमाणें आपल्याही गांवचे लोक करावे: टोपलीवाली कोळीण, नांगरधारी शेतकरी, सायकलवरचा पाववाला. मुलाच्या हातून पाववाल्याची मान वांकडी झाली तर ती तशीच राहूं द्यावी.

तिसरें काम ताऱ्याचें. कळकाच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्या. पांच कामट्यांचा एक, असे दोन पंचकोनी तारे बांधावे. ते एकमेकांवर ठेवून पांचही टोंकें दोऱ्यानें जखडावीं, आणि मध्यें जेथें कामट्या एकमेकींना छेदतात तेथें दोन ताऱ्यांमध्यें पांच आंखूड काड्या उभ्या बसवाव्या, म्हणजे ताऱ्यास पोट येतें. वर पतंगी कागद खळीनें चिकटवावा. पूर्वीं आंत मेणबत्ती ठेवीत, व कधीं कधीं तारा जळून जाई. आतां विजेचा लहान दिवा बरा. हा कंदील आपल्या शेजाऱ्याच्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ आहे, आणि कामट्या तासण्याची युक्ति पुष्कळ घरांत शेजाऱ्याकडूनच आलेली असते.

राहिली एक जागा. गव्हाणी २४ डिसेंबरच्या रात्रींपर्यंत रिकामी ठेवावी. मध्यरात्रीच्या मिस्सेहून परत आल्यावर घरांतील सर्वांत लहान मुलानें बाळाला तींत निजवावें.

यंदाची नाचणी आमच्या घरीं आणून ठेविली आहे. नातीस तसें कळविलेंही आहे. देवळाच्या ज्युबिलीच्या वर्षीं आपल्या प्रत्येक घरांत अशी एक गव्हाणी, वांकड्या मानेच्या पाववाल्यासह, उभी राहो, आणि पुढल्या ज्युबिलीच्या वेळीं ती कशी करावी हें सांगणारी बोटें या धर्मग्रामांत असोत, हीच बाळ येशूच्या चरणीं प्रार्थना.