जुन्या बाँबर विमानांतील अर्धा तास



इतिहास शिकविण्यांत माझा जन्म गेला, म्हणून जुने विद्यार्थी अजूनहि कधींमधीं शंका विचारतात. २०१९ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतून एकाचें पत्र आलें. ‘गुरुजी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळचें एक बाँबर विमान आमच्या गांवीं यावयाचें आहे. ४५० डॉलर भरले कीं अर्धा तास त्यांतून फिरवून आणतात. जावें काय?’ मीं उलट टपालीं कळविलें, ‘अवश्य जा. पुस्तकाच्या दहा पानांनीं जें कळणार नाहीं, तें अर्ध्या तासांत कळेल.’ तो जाऊन सुखरूप परतला. परंतु त्या उत्तराचा आज मला फेरविचार करावासा वाटतो.

तें विमान बी-१७ जातीचें. अशीं १२,७३१ विमानें अमेरिकेनें बांधलीं. त्यांत बसून दहा जणांची तुकडी इंग्लंडहून जर्मनीवर जात असे. २५ हजार फुटांवर उणे चाळीस अंशांची थंडी, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, आणि खालून शत्रूच्या तोफांचा मारा! १४ ऑक्टोबर १९४३ रोजीं २९१ विमानें श्वाइनफुर्ट येथील बॉल-बेअरिंगच्या कारखान्यांवर चालून गेलीं. त्यांतील ६० परतलीं नाहींत. त्या वेळीं २५ मोहिमा पुऱ्या केल्या म्हणजे वैमानिकाची सुटका होई. एका दिवसांत पांचांतील एक विमान नाहींसें होत असतां पंचविसापर्यंत मोजणें म्हणजे काय, याचा हिशेब आपणच मनाशीं करावा.

आतां ४५० डॉलरांत यांतील काय हातीं लागतें? चार इंजिनांचा कानठळ्या बसविणारा आवाज, पातळ पत्र्याच्या भिंती, अंग चोरून चालावें लागणारी अरुंद वाट, एवढें खरोखर मिळतें. आणि तें थोडें नव्हे. मात्र त्या तरुणांचें भय मिळत नाहीं, असें मीं तेव्हां समजत होतों.

विमानाचें नांवहि उसनें होतें. मूळ ‘नाइन-ओ-नाइन’ हें १४० मोहिमा करून आलेलें विमान. युद्ध संपल्यावर तें मोडींत निघालें. प्रवाशांना फिरविणारें विमान १९४५ सालीं बांधलेलें. त्यानें युरोपांतील रणांगण पाहिलेंच नव्हतें. त्या पराक्रमी विमानाच्या स्मरणार्थ त्यास तें नांव दिलें होतें.

२ ऑक्टोबर १९१९ नव्हे, २०१९ रोजीं, कनेक्टिकट संस्थानांतील ब्रॅडली विमानतळावरून हेंच विमान उडालें. थोड्याच वेळांत एका इंजिनांत बिघाड झाला. वैमानिकानें विमान माघारीं वळविलें; परंतु उतरतांना तें कोसळून पेटलें. आंत १३ माणसें होतीं. त्यांपैकीं ५ प्रवासी व २ वैमानिक, असे ७ जण दगावले. बिघाडानंतर विमानाची गति नीट संभाळली गेली नाहीं, आणि देखभालींतहि हयगय झाली होती, असें चौकशींत ठरलें. विमान चालविणारा आणि देखभालीचा प्रमुख, हे दोघे एकच गृहस्थ होते! नेहमींच्या प्रवासी विमानांचे कडक निर्बंध अशा फेऱ्यांना नव्हते. त्या खास सवलतीखालीं चालत. मार्च २०२० मध्यें त्या संस्थेची सवलत सरकारनें काढून घेतली.

माझा विद्यार्थी ज्या बाकावर बसला होता, तेथें त्या दिवशीं दुसरें कोणी बसलें असेल. हा विचार माझ्या मनांतून जात नाहीं.

मग अशा फेरीस पैसे देणें व्यर्थ काय? तसें मी म्हणणार नाहीं. इंधन महाग, सुटे भाग दुर्मिळ; प्रवाशांच्या भाड्यावरच हीं यंत्रें जिवंत राहतात. परंतु भाडें भरणारा मनुष्य केवळ प्रेक्षक राहत नाहीं. तो त्या धोक्याचा भागीदार होतो, आणि ही गोष्ट त्यास अगोदर ठाऊक असली पाहिजे.

आज तेंच पत्र आलें तर मी लिहीन: ‘बाळ, जा, पण पैसे देण्यापूर्वीं विचार कीं इंजिनें केव्हां तपासलीं, कोणी तपासलीं, आणि तपासणारावर देखरेख कोणाची. उत्तरें समाधानकारक न मिळालीं तर संग्रहालयांत जा, तेथें उभ्या असलेल्या विमानाच्या पत्र्यावर हात ठेव, आणि न परतलेल्या त्या ६० विमानांची हकीकत वाच. तुझा इतिहास कांहीं अपुरा राहणार नाहीं.’