भांग, बटा आणि कात्री

इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत मुलांना व्हिक्टोरियन काळाची ओळख करून देतात. पुष्कळ शाळांत त्या निमित्ताने एक दिवस त्या काळच्या वेषात जायचं असतं. टोपी, एप्रन कुठूनतरी मिळतात. पण केसांचं काय करायचं, हा प्रश्न आदल्या रात्री आईपुढे उभा राहतोच!

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द १८३७ ते १९०१ अशी जवळजवळ चौसष्ट वर्षांची. त्या काळात लहान मुलगेही काही वर्षं फ्रॉकच घालत. त्यामुळे जुन्या फोटोत मुलगा की मुलगी हे ओळखायला भांग पाहतात. मुलीचा बहुधा मधोमध, मुलग्याचा एका बाजूला. मुलगा थोडा मोठा झाला की त्याला पहिली विजार मिळे. मुली मात्र केस मोकळे सोडत किंवा वेण्या घालत. सोळा-अठराच्या सुमारास केस वर बांधले, की ती 'मोठी' झाली.

सुखवस्तू घरांत कुरळ्या बटांचं भारी कौतुक. रात्री ओलसर केस चिंध्यांवर गुंडाळून गाठी मारायच्या आणि सकाळी सोडायच्या. (शाळेच्या त्या दिवसासाठी ही युक्ती आजही चालते!) १८८६ साली 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय' ही कादंबरी आली आणि हौशी आयांनी मुलग्यांच्याही लांब बटा वळवायला सुरुवात केली. आपण ज्याला हेअरबँड म्हणतो त्याला इथे 'अ‍ॅलिस बँड' म्हणतात, तोही याच काळातला. १८७१ च्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास'मध्ये चित्रकार टेनिएलने अ‍ॅलिसच्या लांब केसांना तो पट्टा लावला. गंमत म्हणजे, जिच्यासाठी अ‍ॅलिसची गोष्ट पहिल्यांदा रचली गेली, त्या अ‍ॅलिस लिडेलचे केस आखूड आणि काळे होते.

पण हे लाड सगळ्यांच्या नशिबी नव्हते. अनाथ, निराधार मुलं वर्कहाऊसमध्ये आली, की आंघोळ, गणवेश आणि कात्री. उवांची आणि साथींची भीती खरीच होती. पण ज्याचं पोट दुसऱ्याच्या दानावर, त्याचे केसही त्याचे नाहीत, असाही त्याचा अर्थ होई. शार्लट ब्रॉन्टे लहानपणी अशाच एका धर्मादाय शाळेत राहिली होती. तिच्या १८४७ च्या 'जेन एअर'मध्ये शाळेचे चालक एका मुलीचे जन्मजात कुरळे केस पाहून संतापतात आणि ते कापायचा हुकूम सोडतात. तेवढ्यात त्यांच्याच मुली आत येतात, केस छान कुरळे केलेल्या! सोबत बायको, कपाळावर विकतच्या बटा लावून.

एका बाबतीत मात्र बटेचं मोल फॅशनपलीकडचं होतं. त्या काळी इंग्लंडमध्ये दर हजारांतली दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत दगावत. मग त्या बाळाच्या केसांची एखादी बट लॉकेटमध्ये ठेवून आई ते गळ्यात घाले. अशी लॉकेटं इथल्या संग्रहालयांत आजही दिसतात.

तेव्हा वेषभूषेच्या आदल्या रात्री चिंध्या बांधता बांधता मुलांना ही दुसरी बाजूही सांगायला हरकत नाही. कात्री लागलेल्या मुलांचे फोटो शाळेच्या पुस्तकात कदाचित कमी असतील. पण तीही त्याच राणीची प्रजा होती.