दिसणारे अक्षर, ऐकू येणारे अक्षर

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या 21व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ऑनलाइन ओळखपडताळणीत पापण्या मिटून दाखवण्याची अट ॲसिडहल्ल्यात डोळे गमावलेल्यांना पाळता येणे अशक्य होते. निकाल कायद्याचा असला, तरी देवनागरी मजकुराच्या बाबतीत त्यामागे लिपीविज्ञानाचा जुना प्रश्न आहे.

1951 साली भारतीय भाषांसाठी समान 'भारती ब्रेल' निश्चित झाली. भाषा कोणतीही असो, एका ध्वनीला ठिपक्यांची एकच मांडणी. 'दि' लिहिताना डोळ्यांना वेलांटी आधी दिसते. ब्रेल वाचणाऱ्या बोटांना मात्र आधी 'द' लागतो, मग इकार. म्हणजे क्रम उच्चाराचा, आकाराचा नव्हे. संगणकासाठी 'इस्की' हे भारतीय मानक याच तत्त्वावर उभे राहिले. त्याच्या 1988च्या आवृत्तीवरून युनिकोडने 1991 मध्ये देवनागरीची रचना घेतली आणि प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला. 'क'चा क्रमांक 2325.

व्यवहाराने मात्र दुसरी वाट धरली. छपाईसाठी लोकप्रिय झालेल्या कृतिदेवसारख्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले होते. कागदावर दोष दिसत नाही. पण दृष्टिहीन वाचकाचे पडदावाचक सॉफ्टवेअर आकार पाहत नाही, संकेतांक वाचते. कृतिदेवमधला 'दिन' त्याच्या लेखी 'एफ, एन, यू' असतो. स्कॅन करून चढवलेल्या परिपत्रकात तर अक्षरेच नसतात, केवळ चित्र असते.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सुगम पानांचे पहिले निकष मे 1999 मध्ये प्रसिद्ध केले: चित्राला पर्यायी मजकूर द्यावा, केवळ रंगावर अर्थ सोपवू नये. शासकीय संकेतस्थळांसाठी भारताची मार्गदर्शक तत्त्वे 2009 मध्ये आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सुगमतेचे किमान निकष शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत.

या निकषांची कसोटी साध्या नागरी कामांत लागते. देशातील 62 छावणी परिषदांसाठी 16 फेब्रुवारी 2021 रोजी 'ई-छावणी' ही सेवा सुरू झाली; झाशी छावणी त्यांपैकीच एक. पाण्याची जोडणी, व्यापार परवाना, जन्म-मृत्यूचे दाखले यांसाठी आता कचेरीत खेटे घालावे लागू नयेत, हा तिचा हेतू. दृष्टिहीन रहिवाशाच्या बाबतीत तो हेतू तेव्हाच साधतो, जेव्हा अर्जातील प्रत्येक रकान्याला संगणकाला वाचता येईल असे नाव असते. ते नसेल, तर कानावर केवळ 'बटण, बटण' एवढेच पडते आणि अर्ज भरायला पुन्हा दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागतात.

सुगमता ही पान तयार झाल्यावर चढवायची सजावट नव्हे. अक्षर साठवतानाच ती ठरते. ब्रेलच्या ठिपक्यांनी 1951 मध्ये दाखवलेला हा क्रम आजच्या प्रत्येक देवनागरी पानाला लागू आहे: आधी ध्वनी, मग आकार.