चुकेल तो खाली बसेल

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी खेड्यात हिवाळ्याच्या रात्री करमणुकीला फारसे काही नसे. शेतीची कामे थांबलेली, रस्त्यावर बर्फ. मग गाव शाळेच्या एकुलत्या एक खोलीत कंदील घेऊन जमायचे. दोन म्होरके आळीपाळीने आपापले गडी निवडायचे, दोन्ही पक्ष समोरासमोरच्या भिंतींना पाठ लावून उभे राहायचे आणि मास्तर पुस्तकातून एकेक शब्द सांगायचे. अक्षरे बरोबर सांगितली तर उभे राहायचे, चुकली की खाली बसायचे. शेवटी जो उभा तो विजयी. एवढाच नियम, आणि तो लिहून ठेवायची कोणाला गरज वाटली नाही.

आज अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धेची, म्हणजे ‘स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी’ची, नियमावली वकिलाने वाचावी अशी आहे. मधल्या काळात काय काय घडले याचा माग त्या नियमावलीतच सापडतो. तिच्यातल्या बहुतेक कलमांमागे कुठला तरी घोळ, वाद किंवा अडचण उभी आहे.

मास्तरांच्या हातातले ते पुस्तक बहुधा नोआ वेब्स्टरचे असायचे. निळ्या पुठ्ठ्याची ही उजळणी 1783 मध्ये निघाली आणि पुढच्या शंभर वर्षांत तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या. इंग्लंडपासून नुकत्याच सुटलेल्या देशाला भाषाही आपली वेगळी हवी होती. त्यामुळे अचूक स्पेलिंग हा सुशिक्षितपणाचा आणि थोडासा देशभक्तीचाही पुरावा ठरला. एडवर्ड एगलस्टनच्या ‘द हूजियर स्कूलमास्टर’ या 1871 च्या कादंबरीत अशा सामन्याचे रंगतदार वर्णन आले आणि 1875 च्या सुमारास हे वेड खेड्यातून शहरात शिरले. तिकिटे लावून सामने होऊ लागले. हार्टफर्डच्या एका सामन्यात तर मार्क ट्वेनने भाषण ठोकले.

गावातल्या खेळात गावाबाहेरचे कोणी नसायचे, म्हणून वाद झाला तरी तो घरातला. स्पर्धा देशपातळीवर गेली तेव्हा देशातली भांडणेही तिच्यात आली. 1908 च्या जूनमध्ये क्लीव्हलँडला शिक्षकांच्या राष्ट्रीय अधिवेशनात निरनिराळ्या शहरांच्या शाळकरी संघांचा सामना झाला. यजमान संघात मेरी बोल्डेन ही चौदा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी होती. न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या गोऱ्या संघाच्या वडीलधाऱ्यांना ती रंगमंचावर असणेच खटकले. मेरीने एकही चूक केली नाही आणि क्लीव्हलँड जिंकले. दक्षिणेतल्या वृत्तपत्रांत त्यावर बराच धुरळा उडाला.

सध्याची स्पर्धा सुरू झाली 1925 मध्ये, आणि तीही शिक्षणखात्याने नव्हे तर वृत्तपत्रांनी सुरू केली. लुइव्हिलच्या ‘कुरियर-जर्नल’ने पुढाकार घेतला, आणखी काही वृत्तपत्रे सामील झाली आणि नऊ मुले अंतिम फेरीसाठी वॉशिंग्टनला गेली. हिशेब सरळ होता. गावातल्या पोराचे नाव छापून आले की त्याचे आईबाप, काका-मामा आणि शेजारी सगळेच अंक विकत घेतात. लुइव्हिलचाच अकरा वर्षांचा फ्रँक न्यूहाउझर ‘ग्लॅडिओलस’ या फुलाचे स्पेलिंग सांगून पहिला विजेता झाला. त्याला 500 डॉलरची सोन्याची नाणी मिळाली आणि राष्ट्राध्यक्ष कूलिज यांची भेटही झाली. 1941 मध्ये स्क्रिप्स-हॉवर्ड या वृत्तपत्रसमूहाने स्पर्धा आपल्याकडे घेतली. महायुद्धामुळे 1943 ते 1945 अशी तीन वर्षे ती झाली नाही.

त्या काळचे शेवटचे शब्द आज वाचले तर हसू येते. 1940 चा ‘थेरपी’, 1941 चा ‘इनिशियल्स’. मराठी शाळेतला नववीचा मुलगाही हे शब्द सांगेल. पण तेव्हाची मुले वर्षभर फक्त यासाठी झटत नव्हती.

1936 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनची मॅकनोलिया कॉक्स अंतिम फेरीत पोहोचली. तिथवर गेलेल्या पहिल्या दोन कृष्णवर्णीय मुलींपैकी ती एक. वॉशिंग्टनच्या वाटेवर तिला आणि तिच्या आईला वर्णभेदाच्या वेगळ्या डब्यात बसावे लागले आणि बाकीचे स्पर्धक उतरले त्या हॉटेलात त्यांना जागा मिळाली नाही. मॅकनोलियाने पहिल्या पाचांत मजल मारली. मग परीक्षकांनी तिला ‘नेमेसिस’ हा शब्द दिला. ते ग्रीक देवतेचे नाव आणि विशेषनामे तर स्पर्धेत वर्ज्य होती. तिच्या शिक्षिकेने आणि सोबत आलेल्या वार्ताहराने तिथेच हरकत घेतली. ती फेटाळली गेली. परीक्षकांनी हे मुद्दाम केले असे तिच्या गावाला कायम वाटत राहिले, आणि त्या सहलीतले बाकीचे प्रसंग पाहता तसे वाटण्यात गैर काही नव्हते. पुढे 2016 मध्ये एका विजेत्याचा शब्द ‘फेल्डेनक्राइस’ होता, म्हणजे चक्क एका माणसाचे आडनाव. मॅकनोलियाच्या आड आलेली भिंत तोवर केव्हाच पडली होती. शब्द मोठ्या लिपीतल्या अक्षराने सुरू होतो की नाही हे मुलाने सांगण्याचीही आता गरज नाही. अक्षरांवरच्या खुणा आणि शब्दांमधली मोकळी जागाही सांगावी लागत नाही.

नियमांतले सर्वात ठाम कलम शब्दकोशाचे. मेरियम-वेब्स्टरच्या बृहद्कोशात जे आहे ते बरोबर, बाकी जगाने काहीही म्हणावे. साडेचार लाखांहून अधिक नोंदींचा हा कोश स्पर्धेचा शेवटचा आधार आहे. 2013 मध्ये न्यू यॉर्कचा अरविंद महंकाली ‘कनेडल’ या शब्दावर जिंकला. हा ज्यू घरांतल्या रश्श्यात सोडायच्या पिठाच्या गोळ्याचा प्रकार. निकाल लागताच यिद्दिश भाषेच्या जाणकारांनी कुरकुर केली की त्यांच्या प्रमाणलेखनात या शब्दाचे स्पेलिंग वेगळे आहे. न्यू यॉर्कमधल्या खानावळींतही त्यावर चर्चा रंगली. अरविंदला त्याचा काहीच फरक पडला नाही, कारण त्याने कोशातले स्पेलिंग सांगितले होते. ऱ्हस्व-दीर्घावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या मराठी माणसाला या व्यवस्थेचा हेवा वाटावा. पंच एकच, आणि त्याच्यापुढे अपील नाही.

मंचावरचे नियमही असेच ठरत गेले. मुलगा शब्द ऐकतो आणि त्याचा अर्थ, व्याकरणातली जात, मूळ भाषा, दुसरा उच्चार आणि वाक्यातला उपयोग विचारू शकतो. हे सोपस्कार नाहीत. मूळ भाषा ग्रीक म्हटली की ‘फ’साठी दोन अक्षरे, फ्रेंच म्हटली की शेवटची अक्षरे मुकी असण्याची शक्यता, जर्मन म्हटली की वेगळीच गणिते. तयार मुलाच्या डोक्यात यावरून अर्धे स्पेलिंग तयार होते. एकदा सुरुवात केल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगता येते, पण तोंडातून गेलेली अक्षरे किंवा त्यांचा क्रम बदलता येत नाही. चुकले की घंटा वाजते. 2003 पासून शब्द सांगायचे काम जॅक बेली करतात. ते 1980 चे विजेते आणि व्हरमाँट विद्यापीठात प्राचीन ग्रीक-लॅटिनचे प्राध्यापक. त्यांच्याइतके शांतपणे मुलांना घरी पाठवणे फार थोड्यांना जमत असेल.

परीक्षकांच्या कानांवर मात्र नियमांनी एके काळी जरा जास्तच भरवसा टाकला होता. 1983 मध्ये एका तेरा वर्षांच्या मुलाने ‘एकोलेलिया’ हा शब्द चुकवला, पण परीक्षकांना तो बरोबर ऐकू आला आणि मुलगा पुढे गेला. नंतर त्यानेच जाऊन आपली चूक सांगितली आणि तो बाद झाला. आता प्रत्येक फेरीचे चित्रीकरण होते आणि शंका आली की परीक्षक ते पुन्हा पाहतात.

1985 मध्ये बालू नटराजन ‘मिल्यू’ या शब्दावर जिंकला आणि भारतीय वंशाचा पहिला विजेता ठरला. 1965 च्या कायद्याने अमेरिकेचे दार उघडल्यावर जे डॉक्टर, इंजिनियर आणि संशोधक तिथे गेले, त्यांची मुले आता आठवीच्या आसपास पोहोचली होती. पाठांतर, परीक्षा आणि घरातल्या मोठ्यांचा पाठपुरावा या तिन्ही गोष्टी त्या घरांना नव्या नव्हत्या. 1989 मध्ये रत्नम चित्तूरी यांनी ‘नॉर्थ साउथ फाउंडेशन’ सुरू केले. पुढे या संस्थेने भारतीय मुलांसाठी गावोगाव स्पेलिंगच्या स्पर्धा भरवल्या आणि त्यातून भारतातल्या गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना मदत केली. मुलांना मोठ्या स्पर्धेआधी घासूनपुसून घ्यायला हे हक्काचे मैदान मिळाले. 1999 मध्ये नूपुर लाला जिंकली आणि तिच्यासह आठ मुलांवर बनलेल्या ‘स्पेलबाउंड’ या माहितीपटाने 2002 मध्ये ही मुले घराघरांत नेली. 2008 ते 2019 या काळात असे एकही वर्ष गेले नाही की विजेत्यांत भारतीय वंशाचे मूल नव्हते. आधीचे स्पर्धक पुढच्यांचे शिकवणीवाले झाले आणि शब्दांच्या याद्या विकल्या जाऊ लागल्या.

इथेच जुना नियम मोडला. ‘चुकेल तो बसेल’ हे तत्त्व कोणीतरी चुकणार हे गृहीत धरून चालते. आता मुले चुकेनात.

1962 नंतर 52 वर्षे स्पर्धेत एकही बरोबरी झाली नव्हती. मग 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षे दोन-दोन विजेते आले. 2016 मध्ये शेवटचा टप्पा लांबवून पाहिला, तरी निकाल तोच. मग 2017 मध्ये बरोबरी फोडायला वेगळी लेखी परीक्षा आणली. ती वापरायची वेळ 2017 मध्येही आली नाही आणि 2018 मध्येही नाही. आयोजकांनी ती 2019 मध्ये काढून टाकली.

आणि 2019 मध्येच काय झाले! वीस फेऱ्या झाल्या, मध्यरात्र उलटली आणि मंचावर आठ मुले उभी राहिली. बेली यांनी शेवटच्या तीन फेऱ्यांआधीच सांगून टाकले होते की आता मुलांना अडवतील असे शब्द आमच्याकडे उरत नाहीत. या फेऱ्यांतून जे तरतील ते सगळे विजेते. आठही तरले. आठांपैकी सात भारतीय वंशाचे, त्यांत डॅलसचा सोहम सुखटणकर. पन्नास हजार डॉलरचे बक्षीस वाटून द्यायचे नाही असे ठरले आणि प्रत्येकाला पूर्ण रक्कम मिळाली. मुलांसाठी तो उत्सव होता. आयोजकांसाठी ती कबुली होती.

कोविडमुळे 2020 ची स्पर्धा रद्द झाली, तेव्हा विचार करायला वेळ मिळाला. 2021 पासून शब्दाचा अर्थ विचारणारी फेरी मंचावर आली आणि ‘स्पेल-ऑफ’ नावाचा नवा प्रकार नियमांत घातला: एकामागून एक त्याच शब्दांची यादी, नव्वद सेकंद, जास्त बरोबर त्याचा विजय. त्या वर्षी त्याची गरज पडली नाही, ‘मरेया’ हा शब्द सांगून झायला आवाँ-गार्द जिंकली. ती अमेरिकेची पहिली आफ्रिकन-अमेरिकन विजेती. मॅकनोलियाच्या नंतर 85 वर्षांनी.

स्पेल-ऑफ पहिल्यांदा झाली 2022 मध्ये. अंतिम फेरीत हरिणी लोगनला ‘पुल्युलेशन’चा अर्थ पर्यायांतून निवडायचा होता. तिने दिलेले उत्तर चूक ठरवून तिला बाहेर काढले गेले. मग परीक्षकांनी कोश पुन्हा तपासला, तिचे उत्तरही बसते असे ठरले आणि तिला परत आणले. शेवटी विक्रम राजूबरोबर ती नव्वद सेकंदांच्या शर्यतीत उतरली आणि वीसहून अधिक शब्द सांगून जिंकली. 2024 मध्ये ब्रुहत सोमाने तीस शब्दांपैकी 29 बरोबर सांगितले आणि फैजान झाकीला हरवले. हा वेग अफाट होता हे खरे. पण मूळ भाषा विचारायची, शब्द मनात फिरवायचा, मग अक्षरे मांडायची, ही या खेळाची खरी गंमत त्या दीड मिनिटात सापडत नाही. वेगाची परीक्षा आणि शब्दाची जाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

2025 मध्ये स्पर्धेला शंभर वर्षे झाली. फैजान पुन्हा अंतिम फेरीत होता आणि समोर उरले होते सर्वज्ञ कदम आणि सर्व धारवणे, दोघांचीही आडनावे मराठी वाचकाला ओळखीची. एका फेरीत ते दोघेही चुकले. फैजानने हा शब्द आणि पुढचा एक बरोबर सांगितला असता तर खेळ तिथेच संपला असता. शब्द होता ‘कॉमेलायना’. त्याने अर्थ विचारला नाही, मूळ भाषा विचारली नाही, उत्साहाने थेट अक्षरे सुरू केली आणि ‘सी’ऐवजी ‘के’ म्हणाला. घंटा वाजली. एका फेरीत सगळेच चुकले तर सगळेच परत येतात, हा नियमावलीतला फार जुना नियम कामी आला आणि तिघेही पुन्हा खुर्च्यांवर बसले. पुढे धारवणे ‘एसरीन’वर आणि कदम ‘वाउपेस’वर थांबला. फैजानने ‘एक्लेअरसिसमाँ’ बरोबर सांगितले आणि 50,000 डॉलर जिंकले. स्पेल-ऑफ घ्यावी लागली नाही.

फैजान तेव्हा सातवीत होता. स्पर्धा आठवीपर्यंतच्या मुलांना खुली असल्यामुळे वर्गाच्या हिशेबाने त्याच्याकडे आणखी एक वर्ष होते, पण एकदा जिंकलेल्या मुलाला पुन्हा उतरता येत नाही.