पन्हळ, पागोळी आणि पाला : वणी परिसरातील छप्परपाण्याच्या व्यवस्थेचा इतिहास

छपरावर पडलेले पाणी खाली कसे उतरवावयाचे हा प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा वा सुताराचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकांनी किल्ल्यांचे तट, देवळांची शिखरे व वाड्यांचे दरवाजे यांचा जेवढा विचार केला आहे, त्याच्या शतांशही विचार वळचणीचा केलेला नाही. तथापि घर टिकते की खचते, याचा निर्णय पुष्कळदा वळचणीलाच लागतो. या व्यवस्थेविषयी लिखित पुरावा तुटपुंजा आहे. बोलीतील शब्द मात्र विपुल आहेत, आणि शब्दांच्या आधाराने मागोवा घेतला असता असे दिसते की, छपराच्या कडेने धावणारी पन्हळ व तिच्यावर बसविलेली जाळी या दोन्ही गोष्टी आपल्याकडे अगदी अलीकडच्या आहेत. त्यांच्याबरोबर यावयास हवे होते ते निगेचे शास्त्र मात्र अद्याप पुरते आलेले नाही.

या पाहणीसाठी वणीचा परिसर सोयीचा आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, निर्गुडा नदीच्या काठी हे गाव वसलेले आहे. इंग्रजी अमलात १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडाचा जो जिल्हा निर्माण झाला, त्याला पुढे याच गावावरून ‘वून’ असे नाव मिळाले, आणि १९०५ पर्यंत ते चालले. पलीकडे वर्धा नदी व चंद्रपूरचा मुलूख, दक्षिणेस तेलुगू भाषेचा प्रदेश, आणि आसपास सागाचे रान, अशी ही जागा आहे. जिल्ह्याच्या पश्चिम भागापेक्षा येथे पाऊस अधिक पडतो. वर्षाचा पाऊस सामान्यतः १००० मिलिमीटरच्या आसपास असून त्याचा फार मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. उन्हाळा इतका कडक की, ज्येष्ठातल्या वादळांची वाट पाहिली जाते. ती येतात तेव्हा रानातला पाला गावात आणून टाकतात. छपरावर पाणी आणि पाला एकदमच येतात, ही या प्रदेशाची खरी अडचण होय.

‘पन्हळ’ हा शब्द संस्कृत ‘प्रणाल’, ‘प्रणाली’ यांच्या कुळातला आहे. प्राकृतातील ‘पणाल’ आणि हिंदीतील ‘पनाला’, ‘परनाला’ हे त्याचे आप्त होत. गंमत अशी की, ‘प्रणाली’ हा तत्सम शब्द पुढे ‘पद्धती’ या अर्थाने प्रतिष्ठित झाला आणि हल्ली तर संगणकाच्या व्यवहारात जाऊन बसला. ‘पन्हळ’ हा तद्भव मात्र पाण्याशीच एकनिष्ठ राहिला. जयराम पिंड्ये याने १६७३ च्या पन्हाळा-विजयावर जे संस्कृत काव्य रचले, त्यात गडाला ‘पर्णाल’ म्हटले आहे. त्या ‘पर्णा’चा पानाशी व्युत्पत्तीच्या दृष्टीने संबंध जोडण्याचे कारण नाही. पण पानांनी तुंबलेली पन्हळ ज्याने एकदा उपसली आहे, त्याला हे संस्कृतीकरण सार्थच वाटेल.

छपराचे पाणी हा शेजारधर्माचाही विषय आहे, हे फार पूर्वी ओळखले गेले होते. आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तुविषयक वादांचे नियम आहेत. शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर सोडून जलमार्ग काढावा आणि तो न सोडल्यास दंड किती, हे तेथे सांगितले आहे. दोन घरांच्या छपरांमध्ये चार अंगुळांचे अंतर असावे, नाहीतर एक छप्पर दुसऱ्यावर चढलेले असावे, असाही एक नियम आहे. या तपशिलामागे कोणाच्या वळचणीचे पाणी कोणाच्या भिंतीत मुरले, यावरून झालेली भांडणे असणार, हे उघड आहे. तथापि नियम आहेत ते पाणी जाण्याच्या वाटेविषयी. छपराच्या कडेने पाणी अडवून एकत्र करण्याची कल्पना त्यांत आढळत नाही.

जुन्या घरात ती कल्पना नव्हतीच. मराठीत छपराच्या पाण्यासाठी जो सर्वांत घरगुती शब्द आहे, तो ‘पागोळी’. वळचणीवरून मोकळी सुटलेली धार म्हणजे पागोळी. ‘आढ्याचे पाणी वळचणीला जायचेच’ ही म्हणही हाच उतार गृहीत धरते : आढे, पाखे, वळचण आणि मग जमीन. मध्ये कोणतीही नळी नाही. वणी भागातील बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, काळा तो ‘काया’ आणि डोळा तो ‘डोया’. त्याच नियमाने या शब्दांनाही यकारान्त वळण लागते, एवढाच काय तो फरक. कोलामांची गवती छपरे घेतली तरी व्यवस्था तीच. कोलामी भाषेचे व्याकरण व शब्दसंग्रह मरे एमेनो यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केल्यापासून भाषाशास्त्रज्ञांना ही जमात परिचित आहे. तिच्या घरबांधणीकडे मात्र तेवढे लक्ष गेले नाही. गवताच्या जाड छपराची कड जमिनीकडे इतकी झुकलेली असते की, धार भिंतीपासून दूर पडते. पानगळीचा या छपराला उपद्रव नाही. गवतावर आणखी पाला पडला तर बिघडले काय?

मोकळ्या पागोळीची किंमत भिंतीचा पाया मोजत असे. मातीच्या भिंतीच्या तळाशी चिखलाचे शिंतोडे उडून ती पोखरली जाई. त्यावर तोड म्हणून जोते उंच घ्यावयाचे, वळचण हात-दीड हात बाहेर काढावयाची, आणि धार जेथे पडते तेथे दगड वा मुरूम टाकावयाचा, असे तीन उपाय होते. तिन्ही उपाय जमिनीजवळचे असून त्यांसाठी शिडी लागत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पन्हळ येई ती दोनच ठिकाणी. दोन पाखी जेथे एकमेकांस मिळतात त्या खाचेत, आणि वाड्याच्या चौकाभोवती चारी बाजूंचे पाणी आत उतरते तेथे. पहिल्या जागी कोरलेले लाकूड, भाजक्या मातीचे अर्धगोल नळे किंवा चुन्याचा गिलावा यांचा उपयोग होई. वणी तालुक्यातच चुनखडीचे साठे असल्याने चुन्याची वाण नव्हती. या खाचेतच पाला, वानरांनी फोडलेल्या कौलांचे तुकडे आणि पाखरांची घरटी साचत. पन्हळ तुंबली की पाणी मागे सरून थेट भिंतीच्या माथ्यात शिरे, आणि मातीची भिंत माथ्याकडून भिजली तर ती खचावयास एक रात्र पुरते. पावसाळ्यात भिंत कोसळून माणसे दगावल्याच्या वार्ता विदर्भात आजही दरवर्षी येतात. त्यांतील सर्वच घटनांस तुंबलेली पन्हळ कारण असते असे नव्हे. परंतु जुन्या माणसांना हा धोका ठाऊक होता, याची साक्ष ‘शाकारणे’ या क्रियापदात आहे.

शाकारणे म्हणजे केवळ दुरुस्ती नव्हे. मृगाच्या अगोदर छपरावर चढून कौले उतरविणे, फुटकी बदलणे, खालचा कचरा झाडणे, खाच मोकळी करणे आणि कौले पुन्हा रचणे, या सर्वांचे ते एक नाव आहे. वऱ्हाडात कौलाला ‘कवेलू’ म्हणतात आणि या कामाला ‘कवेलू फेरणे’. कामाला नाव होते, ऋतू होता, करणारा माणूस होता. पन्हळ साफ करणे हे वेगळे काम मानलेच जात नसे. ते शाकारणीच्या पोटात आपोआप होऊन जाई. पन्हळीच्या निगेसाठी स्वतंत्र क्रियापद मराठीत का नाही, याचा उलगडा येथे होतो.

ही घडी एकोणिसाव्या शतकात मोडली. हेन्री पामर याने १८२९ मध्ये लंडनला नालीदार लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल याने लोखंडावर जस्ताचा लेप देण्याची कृती नोंदविली. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला यंत्राने कौले पाडण्याचा कारखाना काढला, आणि १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत येऊन पोहोचला. त्यानंतर पत्रा आणि ‘इंग्रजी कवेलू’ वऱ्हाडात येण्यास अडचण उरली नाही. (कुंभाराच्या खापरी कवेलूहून वेगळे ते इंग्रजी. मंगळूरचा पत्ता या नावात कोठेच नाही.) या नव्या छपरांचा गुणच असा होता की, ती वारंवार शाकारावी लागत नाहीत. साहजिकच वर्षाकाठी छपरावर चढण्याचा प्रघात सैल झाला. आणि त्याच छपरांच्या कडेला पत्र्याची अखंड पन्हळ लावण्याची रीत सरकारी इमारतींपासून सुरू होऊन हळूहळू खाजगी घरांपर्यंत आली. म्हणजे पाला साचण्याची जागा दोन-तीन हातांवरून घराच्या संपूर्ण लांबीएवढी वाढली, आणि ती झाडण्याचा ऋतू मात्र नाहीसा झाला.

या नव्या वस्तूला शब्दही नीटसा मिळाला नाही. इंग्रजी ‘गटर’ मराठीत आधीच ‘गटार’ होऊन रस्त्याच्या कडेला वाहू लागले होते. तेच नाव छपरावर चढविण्यास कोणी राजी होईना. म्हणून कोणी ‘पन्हळ’ म्हणे, कोणी नुसते ‘नळी’. प्लास्टिकचे तयार तुकडे बाजारात आल्यावर शेवटी ‘गटर’ हाच उच्चार, आकार न देता, कारागिरांच्या तोंडी बसला. तिच्यावरील आच्छादनाला लोक ‘जाळी’ म्हणतात. हा शब्द योग्य असला तरी फसवा आहे. जाळी बसविली म्हणजे काम संपले, असा समज त्यातून होतो.

वस्तुतः जाळीची निवड झाडावर अवलंबून असते, आणि या परिसरातील तीन झाडे तीन वेगळ्या मागण्या करतात. सागाचे पान हातभर लांब. ते हिवाळ्यापासून गळू लागते, पण छपरावर येते ते वैशाख-ज्येष्ठाच्या वावटळीबरोबर. सपाट जाळीवर असे एक पान ओले होऊन चिकटले की ते झाकणासारखे बसते आणि पाणी त्याच्यावरून उडी मारून खाली जाते. त्यासाठी जाळी पन्हळीवर आडवी न ठेवता छपराच्या उताराशी जुळवून तिरपी बसवावी लागते, म्हणजे सुकलेले पान वाऱ्यानेच घसरून पडते. चिंचेचे दल याच्या अगदी उलट. ते बोटाच्या पेराहून लहान असल्याने मोठ्या छिद्रांच्या जाळीतून सरळ आत जाते आणि तळाशी लगदा करते. तेथे बारीक विणीची पोलादी जाळीच उपयोगी. मात्र तिच्यावर कडुलिंबाचा मोहोर व धूळ बसून ती आंधळी होते आणि कुंच्याने घासावी लागते. लिंबोळीचा प्रश्न निराळाच आहे. ती जून-जुलैत, म्हणजे ऐन पावसात पिकून गळते, तेव्हा उन्हाळ्यातील साफसफाईचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. पाणी वळवून आत घेणारी व पान बाहेर टाकणारी वक्र झाकणे परदेशांत पुष्कळ खपतात. संथ पावसात ती उत्तम चालतात. मुसळधार सरीत मात्र वेगाने आलेले पाणी वळणावर न थांबता बाहेर फेकले जाते. फेसासारख्या स्पंजाच्या पट्ट्या किंवा ब्रशासारखे भरीव पदार्थ पन्हळीत कोंबणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि या हवेत सर्वांत वाईट. त्यांत माती धरते आणि श्रावणापर्यंत पिंपळाचे रोप उगवते.

वणीत आणखी एक भर पडते ती कोळशाची. राजूर, उकणी, घोन्सा या बाजूंच्या खाणी आणि त्यांच्या वाहतुकीची वर्दळ यांमुळे छपरांवर काळी पूड बसते. पाला व ही पूड यांचा जो चिकट गाळ होतो, तो नुसत्या पावसाने धुऊन जात नाही. पन्हळीला प्रत्येक मीटरमागे निदान पाच मिलिमीटरचा उतार द्यावा, हा सामान्य नियम येथे कमीत कमी म्हणूनच धरावा. जस्ताच्या पत्र्यावर पितळी वा तांब्याची जाळी बसवू नये, कारण ओल्या जागी दोन धातू एकत्र आले की जस्त लवकर झिजते.

हा सारा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर हिशेबात आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तासाला ६० मिलिमीटर या गतीने सर आली, तर दर मिनिटाला १०० लिटर पाणी पन्हळीत उतरते. पन्हळ तुंबलेली असेल तर तेवढेच पाणी भिंतीवर जाते. अशा सरी दुर्मिळ नाहीत. २२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यात जी अतिवृष्टी झाली, तीत महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाला पाचारण करावे लागले. उलट बाजूने पाहता, १००० मिलिमीटर पावसाच्या गावात त्याच छपरावरून, पाचवा हिस्सा वाया गेला असे धरूनही, वर्षाला ८०,००० लिटर पाणी टाकीत वा विहिरीत सोडता येते. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीने मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल-संकलन बंधनकारक केले आहे. नियमावली टाकी मोजते. टाकीच्या वाटेवरील पाला कोणी काढावयाचा, हे मात्र घरमालकावरच राहते.

म्हणून निगेचे वेळापत्रक इंग्रजी महिन्यांपेक्षा नक्षत्रांनी बांधलेले बरे. पहिली सफाई रोहिणीच्या अखेरीस, वादळे येऊन गेल्यावर. चैत्रात केलेली सफाई सागाच्या पाल्यापुढे व्यर्थ ठरते. मृगाच्या पहिल्या सरींचे पाणी टाकीत न घेता सोडून द्यावे, कारण कोळशाची पूड व पाखरांची विष्ठा त्यातच उतरते. दुसरी सफाई आर्द्रा संपताना, लिंबोळीसाठी. त्याच वेळी उभ्या नळाच्या तोंडाशी हात घालून पाहावा, कारण जाळी स्वच्छ दिसत असताही गाळ तेथे बसलेला असतो, आणि साचलेल्या त्या ओंजळभर पाण्यात डेंग्यूचा डास वाढावयास आठवडा-दीड आठवडा पुरतो. तिसरी सफाई पाऊस सरल्यावर, जाळी काढून, उन्हात वाळवून. वानरांची टोळी घरावरून गेली असेल तर मात्र नक्षत्र न पाहता दुसऱ्याच दिवशी शिडी लावावी. त्यांच्या उड्यांनी जाळीचे आकडे निसटतात आणि पन्हळ मधेच वाकते, व वाकलेल्या जागी पुढचा सर्व पाला थांबतो.